नानांची सुतळी

परवा नानांची मुलगी कुसुम म्हणाली, "भाऊ, जळगावचं घर विकायचं ठरलंय. नाना असते तर त्यांनीच सगळं केलं असतं. तुम्ही त्यांच्याबरोबर हिंडायचात ना? गिऱ्हाईक यायच्या आधी काय काय करून घ्यायचं, तेवढं सांगाल का?"

मी हो म्हणालो. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि तसाच बसून राहिलो. नानांना जाऊन अजून वर्षसुद्धा झालेले नाही. त्यांनी कोणत्या भिंतीला काय लावले असते ते मला सांगता येईल. पण ते लिहायला बसलो की भिंत राहते बाजूला आणि डोळ्यांपुढे नानाच येऊन उभे राहतात.

नाना धुळ्याला आमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मी त्यांच्याहून बराच लहान, मराठी शिकवणारा. वर्गात त्यांना फारसे कोणी मोजत नसे. फळ्यावर घागर काढून ते खिडकीशी जाऊन उभे राहत आणि पोरे घागरीला नाक-डोळे काढत. पण शाळा सुटली की गावात त्यांचा वेगळाच मान होता. कोणाला घर विकायचे झाले की दलालाच्या आधी नानांना बोलावणे जाई.

हे त्यांना कोणी शिकवले, कोणालाच ठाऊक नव्हते. पैसे ते घेत नसत; चहा मात्र दोनदा लागे. बोलावलेल्या घरी गेले की ते लगेच आत शिरत नसत. उंबऱ्यावर थांबून डोळे मिटत आणि नुसता वास घेत. मग घरच्या माणसांना सांगत, "ओल आहे उजव्या हाताला," किंवा "या घरात सकाळपासून कोणी भांडलंय." दुसरे ते कशावरून सांगत, कोण जाणे, पण बहुधा बरोबर निघे. घर विकायला काढलेल्या कुटुंबात भांडण नसेल तरच नवल, असे मला पुढे वाटू लागले.

मग कामाला सुरुवात होई. चुन्यात थोडी नीळ घालून भिंतींना हात. दारांना जवसाचे तेल. पितळी कड्या चिंचेने घासायच्या. आजोबा-पणजोबांच्या तसबिरी उतरवून ट्रंकेत ठेवायच्या. "मेलेली माणसं गिऱ्हाइकाकडे टक लावून बघतात," नाना म्हणत, "मग ते बिचारं आवाज न करता निघून जातं." सामान इकडचे तिकडे हलवण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता. कपाट या भिंतीचे त्या भिंतीला नेले की अंधारी खोली एकदम हवेशीर दिसू लागे. घरमालकाची बायको दारात उभी राहून म्हणे, "अगंबाई, हे असं आधीच करायला हवं होतं. आता विकावंसं वाटत नाही."

गिऱ्हाईक यायच्या वेळी चूल पेटलेली असावी, हा त्यांचा नियम. स्वयंपाक नसला तरी चालेल, फोडणी पडली पाहिजे. एकदा तिसऱ्या गल्लीतल्या एका बाईंनी ही सूचना फारच मनावर घेतली. गिऱ्हाईक होते नरडाण्याचे एक मारवाडी व्यापारी. ते ओट्यावर पाय ठेवायला आणि बाईंनी तेलात मूठभर लाल मिरच्या टाकायला एकच गाठ पडली. व्यापारी, दलाल, घरमालक, नाना आणि मी, सगळे खोकत रस्त्यावर आलो. आता हा सौदा बुडाला असे वाटले. पण शेठजींनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाले, "मास्तर, या घरातली माणसं उपाशी नाही राहिली, एवढं तर समजलं." घर त्यांनीच घेतले.

नानांचा हुकमी एक्का म्हणजे झोपाळा. तो त्यांच्या स्वतःच्या घरचा, सागाच्या रुंद फळीचा आणि पितळी कड्यांचा. विकाऊ घराच्या माजघरात ते तो नेऊन टांगत. "पुरुष भिंती ठोकून बघतो," ते म्हणत. "बाई झोपाळ्यावर बसून पायाने एक झोका घेते. घर तेव्हा विकलं जातं." सौदा झाला की झोपाळा उतरवून हातगाडीवर घालून घरी. यावरून एकदा फजितीही झाली. भडगावकडच्या एका शेतकरी कुटुंबाने घर घेतले आणि राहायला आल्यावर घरधनीण तडक नानांच्या दारात येऊन उभी राहिली.

"नाना, बठ्ठं घर शे, झोकाच कथा गया?"

"झोका माझा होता, अक्का. घर तुमचं."

"मी त झोकाच दखा व्हता!"

आतून नानांच्या पत्नीचा आवाज आला, "आणि मी लग्न होऊन आले तीसुद्धा झोपाळाच बघून! पण घरी असला तर ना तो. गावभर फिरतोय." नानांनी दुसऱ्या दिवशी सुताराला सांगून त्या बाईला स्वखर्चाने एक फळी करून दिली.

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. एका घराचे धाबे गळत असे. मालक म्हणाला, "नाना, त्या डागावर चुन्याचा एक हात जास्त द्या." नानांनी घमेले खाली ठेवले. "सजवायचं," ते म्हणाले, "लपवायचं नाही." गिऱ्हाईक आले तेव्हा नानांनी स्वतःच बोट वर करून दाखवले, "इथे गळतं. पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून घ्या." मालक पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हता.

नानांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली आणि पुढच्या वर्षी पार गेली. त्या वर्षापासून झोपाळा घराबाहेर पडला नाही. गावातून बोलावणे आले तर नाना जात, पण झोपाळ्याचे नाव निघाले की म्हणत, "तो आता कामावर आहे."

आणि खरोखरच होता. काकूंचे सगळे घर झोपाळ्यापासून सुरू होई. झोपाळ्यावरून उठून सरळ गेले की पाण्याची घडवंची, तिथून डावीकडे चूल, चुलीमागच्या भिंतीत देवळी. देवळीत पणती, वात, काडेपेटी. संध्याकाळी दिवा लावायला त्या कोणाला हात लावू देत नसत. भिंत न चाचपता सरळ चालत जात, हात उचलत, आणि हात नेमका देवळीत पडे. आंधळी बाई दिवा कशाला लावते, असे कोणी विचारले तर म्हणत, "मला नसेल दिसत. दिव्याला मी दिसते ना?"

त्या घरात घडवंची भर वाटेत होती. ट्रंक दारामागे अशी, की दार अर्धेच उघडे. दुसऱ्याच्या घरात नानांनी या दोन्ही वस्तू पहिल्या पाच मिनिटांत हलवल्या असत्या.

नाना पेन्शनीत निघाले आणि जळगावहून कुसुमचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा, आग्रह सुरू झाला. तिच्या शेजारचे लहानसे घर मिळत होते. इकडचे विकले तरच ते घेणे शक्य होते. नानांना स्वतःला धाप लागत असे. त्यांनी काकूंना न सांगता निर्णय घेतला आणि एके सकाळी ओसरीच्या भिंतीला चुना लावायला काढला. मी मदतीला गेलो होतो. काकू झोपाळ्यावर शेंगा सोलत होत्या.

"अहो, चुन्याचा वास कुठून येतोय?"

"आपल्याकडेच लावतोय."

"आता? होळी होऊन गेली. दिवाळी लांब आहे."

"भिंती खराब दिसतात."

"मला कुठे दिसतात?" काकू हसल्या. मग पाय टेकवून त्यांनी झोपाळा थांबवला. "घर विकताय?"

नानांच्या हातातला कुंचला ठिबकत राहिला.

"जन्मभर लोकांना सांगितलंत, सजवा पण लपवू नका. आणि माझ्यापासून लपवता?"

"कसं सांगू ते कळेना," नाना म्हणाले. "कुसुम बोलावते. माझी छाती ही अशी. उद्या मी गेलो तर तुला पाण्याचा तांब्या कोण देईल?"

"पाणी मी माझं घेते. तुम्हालाही मीच देते." काकूंनी हातातली शेंग फोडली. "जळगावला चला म्हणाल तर येईन. मुलगी आहे, नातवंडं आहेत. पण एक सांगते. इथे मी आंधळी नाही. तिथे होईन."

मी सोललेल्या शेंगांचे सूप उचलून आत नेऊन ठेवले. तिथे उभे राहणे बरे दिसले नाही.

त्यानंतर नानांनी घरातली एकही वस्तू हलवली नाही. भिंतींचा चुना पुरा केला, कारण चुन्याने वाट बदलत नाही. आणि जमीन नव्याने करून घेतली. चुलीपाशी खळगा पडला होता आणि त्यात काकूंचा पाय मुरगळे. सगळ्या घरभर मुरूम-माती टाकून, चोपून, सारवून जमीन अशी गुळगुळीत झाली की तीवर भाकरी थापावी. घडवंची, झोपाळा, ट्रंक जिथल्या तिथे परत ठेवले.

गिऱ्हाइके आली आणि गेली. एक जण घडवंचीला अडखळला. एकाला दार पुरते उघडता आले नाही. दलाल वैतागला. "नाना, सबंध गावाची घरं सजवलीत, आणि स्वतःचं हे असं? ती ट्रंक तरी काढा."

"ट्रंक राहील."

"मग गिऱ्हाईक नाही राहणार!"

"नाही तर नाही."

नाही तर नाही म्हणणाऱ्या माणसाचे डोळे मात्र मला दिसत होते. जळगावच्या घराचा मालक थांबायला तयार नव्हता आणि नानांची धाप वाढत होती.

शेवटी रावेरकडचे एक केळीवाले कुटुंब आले. पुरुष भिंती ठोकत हिंडला. त्याची आई, नऊवारी नेसलेली पोक्त बाई, चालून दमली होती. ती ओसरीवरच बसली. काकूंना तिचा श्वास ऐकू आला असावा. त्या झोपाळ्यावरून उठल्या, घडवंचीकडे गेल्या, तांब्या भरला, अर्ध्या उघड्या दारातून अंग चोरून बाहेर आल्या आणि काठोकाठ भरलेला तांब्या म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीने पाणी घेताना वर पाहिले, आणि मग तिला कळले.

"माय, तुले दिसत नई?"

"नाही हो."

म्हातारी बराच वेळ पाणी पीत राहिली. मग आत वळून मुलाला म्हणाली, "भिती काय ठोकी ऱ्हायना रे? ज्या घरमा माय अशी चालस, ते घर चांगलंच राही. लई ले."

सौदा त्याच दुपारी ठरला. निघताना ती म्हणाली, "झोका तुमना तुम्ही लई जा, माय. तो तुमना पायले वळखस."

मे महिन्याच्या सुट्टीत नाना सुतळीचा गुंडा घेऊन बसले. एक टोक माझ्या हातात. झोपाळ्याच्या कडीपासून घडवंचीपर्यंत एक सुतळी, तिला गाठ. घडवंचीपासून चुलीपर्यंत दुसरी. जमिनीपासून देवळीपर्यंत तिसरी. उंबऱ्याची उंची, खुंटीची उंची, ट्रंकेपासून दारापर्यंतची फट. प्रत्येक सुतळीला रंगवलेली चिंधी बांधलेली, तांबडी पाण्याची, पिवळी चुलीची, निळी देवळीची. काकूंना म्हणाले, "सामान बांधायच्या सुतळ्या आहेत." काकू म्हणाल्या, "बरं." त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. मी विचारले तर म्हणाल्या, "विळी लागली."

त्या सुतळ्या घेऊन आम्ही दोघे चाळीसगावला गाडी बदलून जळगावला गेलो. ते घर बरे होते, उजेडाचे, शहाबादी फरशीचे. कुसुमने बिचारीने सुंदर लावून ठेवले होते. नानांनी ते सगळे मोडले. धुळ्याच्या माजघराची भिंत जिथे येत होती तिथे, चांगल्या उजेडाच्या जागी, एक आडभिंत घातली. घडवंची आणून भर वाटेत ठेवली. कुसुम रडकुंडीला आली. "नाना, लोक काय म्हणतील?" आणि गवंडी हसून म्हणाला, "नाना, धुयानं घर उचलीसन आठे आनं का?" नाना त्याला निळ्या चिंधीची सुतळी दाखवत म्हणाले, "बोलू नको. देवळी इथे खोद. गाठीला धरून."

मला तेव्हा एकदम जाणवले, की जन्मभर या माणसाने घरे अनोळखी माणसांना आवडावीत म्हणून सजवली. हे पहिलेच घर असे, की ते दिसते कसे याला काही अर्थच नव्हता.

काकूंना आणले त्या दिवशी मी होतो. टांगा दारात थांबला. नानांनी त्यांना उंबऱ्यापर्यंत हात धरून आणले आणि तिथे हात सोडला. काकू उभ्या राहिल्या. चौकटीला हात लावला. नव्या चुन्याचा वास आला असणारच. त्यांनी एक पाऊल टाकले, मग दुसरे. दार अर्धेच उघडले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. अंग चोरून आत गेल्या, चालत राहिल्या, आणि झोपाळ्याची कडी त्यांच्या हाताला लागली. बसल्या. पायाने एक झोका घेतला. उठून घडवंचीकडे गेल्या, तांब्या भरून परत आल्या आणि नाना उभे होते त्या दिशेला तांब्या पुढे केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आपण जळगावला जाणार होतो ना?"

नानांनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला.

दिवाळीच्या सुट्टीत मी परत गेलो. दिवेलागणीची वेळ होती. नाना बाजारातून यायचे होते. काकू उठल्या, चालत गेल्या, आणि देवळीशी पोचल्यावर मला काहीतरी वेगळे दिसले. हात उचलायच्या आधी त्या गुडघ्यात किंचित वाकल्या. इतक्या थोड्या, की दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आले नसते. दिवा लागला. त्यांच्या बोटांच्या पेरांवर जुन्या खरचटल्याच्या खुणा होत्या.

"काकू, देवळी खाली झाली का?"

"तुम्ही बघितलंत वाटतं." त्या हळूच हसल्या. "दोन बोटं असेल. पहिले काही दिवस हात वरच्या कडेला आपटायचा. आता शिकलाय."

"नानांना सांगा. गवंडी एका दिवसात..."

"अहो नको! परत सुतळी घेऊन सगळं घर मोजत बसतील. त्यांनी घर हातात आणून दिलंय मला, भाऊ. दोन बोटांचं काय सांगायचं? आणि तुम्हीही बोलू नका."

मी बोललो नाही.

काकू त्यानंतर दोन वर्षे होत्या. त्या घरात त्या कधी पडल्या नाहीत, कधी कोणाला हाक मारून पाणी मागितले नाही. तापाने गेल्या, चार दिवसांत. आपल्यानंतर हिचे कसे होईल, या काळजीने नानांनी ते घर उभे केले होते. ती काळजी करायची वेळच आली नाही. नाना मागे राहिले, आणि घडवंची भर वाटेतच राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचा भेटलो. बोलणे फार झाले नाही. धापेने त्यांना वाक्य पुरे करता येत नसे. संध्याकाळ झाली तसे म्हणाले, "एक दाखवतो." झोपाळ्यावरून उठले, डोळे मिटले आणि चालू लागले. काकूंच्या वाटेने. देवळीशी येऊन हात उचलला, आणि हात भिंतीवर आपटला.

"बघितलंत?" ते डोळे न उघडता म्हणाले. "ती गेल्यावर पहिल्यांदा असं चाललो, तेव्हा कळलं. भाऊ, मी जमीन नवी केल्यावर मोजलं. जमीन दोन बोटं वर आली होती आणि तिचा हात जुन्या जमिनीवरचा होता. उभ्या आयुष्याची सवय, आणि मी मोजली महिन्याभराची उंची." ते थांबले, श्वास घेतला. "दोन वर्षं रोज दिवा लावला तिने. बोलली नाही. तुम्हाला कधी बोलली होती?"

मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. नानांनी माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांना उत्तर मिळाले असावे.

"गवंडी बोलवू का?" मी विचारले.

"कशाला? ती शिकली, मीही शिकतो."

कुसुमला मी उद्या कळवीन. चुन्यात थोडी नीळ घाल. दारांना जवसाचे तेल लाव. आडभिंत पाडलीस तरी चालेल, उजेड येईल; आता घडवंचीही भिंतीला सरकव. झोपाळा राहू दे, आणि कोणी बाई आली तर तिला आधी बसव. फोडणी घाल, मिरच्या बेताच्या. आणि देवळी दोन बोटे खाली आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांग. नानांनी सांगितले असते.

शेवटच्या भेटीच्या त्या संध्याकाळी मी निघालो तेव्हा टांगा वळायला वेळ लागला, म्हणून मी दारातून मागे पाहिले. नाना पुन्हा झोपाळ्यापाशी जाऊन उभे होते. त्यांनी डोळे मिटले. घडवंचीला वळसा घातला, डावीकडे वळले. देवळीशी आल्यावर एक क्षण थांबले, आणि मग काकू वाकत तसे गुडघ्यात जरासे वाकून त्यांनी हात उचलला. काडी ओढल्याचा आवाज आला. आत दिवा लागला.